साथीतला वृंद

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात गाणे सहसा एकट्याचे नसते. ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी भजन उभे राहते तेव्हा विणेकरी अभंग धरतो, टाळकरी ध्रुपद उचलतात, चाल चढत जाते आणि पखवाज तिला आवरतो. लेण्याद्रीपासून फार लांब नसलेल्या नारायणगावात, तमासगीर विठाबाईंच्या गावात, तमाशाचे सुरते मुख्य गायकाच्या ओळीचा शेवट उंच पट्टीत झेलतात आणि तो सूर सोडत नाहीत. तेवढ्या अवकाशात गायक पुढची ओळ जुळवतो. इथे दोन आवाजांकडे दोन वेगळी कामे आहेत, म्हणजे वृंदरचनेचे मूळ द्रव्य आहे. तरीही मोठा गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी मराठी संगीतकाराने लिहिलेली, मैफलीत पुन्हा पुन्हा सादर होणारी कृती सांगा म्हटले तर रसिक गप्प होतात. आपले संगीत एकसुरी परंपरेचे, त्याला समूह मानवत नाही, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. मला ते पटत नाही. आपल्या मैफलीने समूहाला साथीपलीकडे जागा दिली नाही, म्हणून वृंदाचा विचार करणारे संगीतकार नाटकात आणि चित्रपटात गेले.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो देवगिरीचा आहे. यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात उत्तम गायनवृंदाची रचना मोजून दिली आहे: चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक. बत्तीस जणांचा हा संच, आणि त्यात मुख्य कोण, सम कोण याची उतरंडही आहे. याच ग्रंथातल्या १२० देशी तालांच्या यादीवर पुढे पॅरिसच्या ऑलिव्हिए मेस्सियाँने आपल्या लयविचाराचा मोठा भाग उभारला. १९४९ मध्ये बॉस्टनला प्रथम वाजलेल्या त्याच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीच्या नावातच संस्कृत आहे. आपण मात्र तो ग्रंथ संगीतशास्त्राच्या परीक्षेपुरता वाचत राहिलो.

मराठीतली सर्वांत परिणामकारक आधुनिक वृंदरचना कोणती, असे विचारले तर माझे उत्तर ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केले, १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि संगीत होते भास्कर चंदावरकरांचे. चंदावरकर सतारीत रविशंकरांचे शिष्य, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे, म्हणजे राग आणि जगभरचे चित्रपटसंगीत दोन्ही जाणणारे. बारा ब्राह्मणांची ती हलती भिंत नाट्यसमीक्षेने दिग्दर्शकीय कल्पना म्हणून गौरवली, कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेचीही दखल घेतली. पण ती भिंत गाते, आणि गाण्याने अर्थ बदलते, याकडे संगीतसमीक्षेने जवळजवळ पाठ फिरवली. हीच रांग देवाचे नाव घेते, हीच बावनखणीत कलावंतिणींकडे जाते, हीच शेवटी रक्त मागणारा जमाव होते. कीर्तनातून लावणीत आणि लावणीतून पुन्हा नामघोषात जाताना मध्ये सांधा दिसू नये, अशी चाल बांधणे हे चंदावरकरांचे खरे काम. एरवी पावित्र्याची खूण असलेला समूहस्वर इथे झाकण बनतो: रंगमंचावर अत्याचार चालू आणि वृंद निवांत भक्तीत. व्यक्तिगत आलापातून हे साधणार नाही. समूहाचे अपराधी असणे समूहानेच गायला हवे.

हे नाट्यसंगीत, नाटकाबाहेर ते उभे कसे राहणार, असा आक्षेप येईल. स्ट्राविन्स्कीचे ‘राइट ऑफ स्प्रिंग’ १९१३ मध्ये नृत्यनाट्यासाठीच लिहिले गेले. आज ते जास्त करून वाद्यवृंदाच्या मैफलीत ऐकले जाते. तिथे स्वरलिपी छापलेली आहे आणि ती उचलून वाजवणारे संचही आहेत. आपल्याकडे नाटकाची संहिता पुस्तकरूपाने छापतात, संगीत मात्र नटांच्या गळ्यात राहते आणि नटसंच बदलला की पातळ होते.

मुंबईत दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे नाटकाबाहेरूनही, प्रयत्न झाले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक जमवले आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना घेऊन रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. लोकांच्या लक्षात त्यांचे नाव राहिले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे, हे आपल्या संगीतस्मृतीबद्दल पुरेसे बोलके आहे. वसंत देसाईंनी शाळकरी मुलांना समूहगान शिकवण्यासाठी फार कष्ट घेतले, पण त्या गाण्यांचा भर सर्वांनी एकच चाल गाण्यावर होता. एनसीपीएमध्ये २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंदाचे ‘पेशकार’ रचले. २०१५ मध्ये ते सादर झाले.

‘पेशकार’मुळे एका आक्षेपाचे परस्पर उत्तर मिळते. लिहून ठेवलेले संगीत मनोधर्म मारते, असे आपल्याकडे मानतात. इथे वाद्यवृंदाचे पान ठरलेले आणि तबल्याला मोकळीक, अशी वाटणी करता आली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्वरांची उभी रास रचली की रागात वर्ज्य स्वर शिरतात, आणि रागाचा कोमल गंधार पियानोच्या पट्टीत बसत नाही. हे खरेच आहे, आणि गोन्साल्विसांसकट सर्वांनाच त्याने अडवले असणार. पण अनेक आवाज एकत्र आणण्याचा तो एकच मार्ग नव्हे. अर्ध्या वृंदाने विलंबितात चाल धरावी आणि अर्ध्याने तीच दुगुनीत म्हणावी. एका गटाने उशिरा प्रवेश करावा. सुरत्यांसारखा एकच सूर ताणून त्याखाली दुसरी ओळ न्यावी. धृपदियांची लयकारी आणि तमाशातल्या सुरत्यांची झील दोन्ही यात बसतात, आणि रागाला धक्का लागत नाही.

मग अडते कुठे? पैशावर बोट ठेवणे सोपे, पण बत्तीस गायक-वादकांचा संच एखाद्या मोठ्या महानाट्यापेक्षा स्वस्त पडेल. अडते ते तालमीच्या सवयीवर आणि स्पर्धांच्या निकषांवर. १९५४ पासून चाललेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संस्थांना नव्या संहितांसाठी मंच दिला. समूहगानाच्या स्पर्धांत मात्र सगळे एका सुरात गायले, ही सर्वोच्च दाद असते आणि तीच ती जुनी देशभक्तिपर गीते फिरत राहतात. नवी रचना, तिची लिखित स्वरलिपी आणि किमान दोन स्वतंत्र स्वरपंक्ती एवढी अट एखाद्या स्पर्धेने घातली, तर पहिल्या दोन-तीन वर्षी ऐकवणार नाही असे पुष्कळ येईल. संयोजकांनी ते ऐकून घ्यावे लागेल.