मालवाहू कंटेनरची वास्तुकला : पुनर्वापराच्या दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

माती, दगड, वीट, लाकूड, पोलाद आणि काँक्रीट ही वास्तुकलेची परंपरेने व व्यवहाराने मान्य झालेली साहित्ये होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या जोडीला मालवाहू कंटेनरचे नाव घेतले जाऊ लागले. समुद्रमार्गे माल नेण्यासाठी घडवलेली पोलादी पेटी माणसाच्या निवासासाठी वापरावी, ही कल्पना प्रथमदर्शनी मोह घालणारी आहे. कमी खर्च, जलद उभारणी, मजबुती आणि टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर असे चार लाभ तिच्या बाजूने सांगितले जातात. त्यांपैकी अखेरच्या दाव्यामुळे या वास्तुकलेला नैतिक प्रतिष्ठाही लाभली आहे. मात्र वास्तूचे मूल्यमापन तिच्या साहित्याच्या पूर्वेतिहासावरून करावे की तिच्यात राहणाऱ्या माणसाच्या अनुभवावरून, हा प्रश्न या प्रतिष्ठेमुळे झाकला जातो. लंडन, आम्स्टरडॅम, न्यूयॉर्क, ओनागावा व दोहा येथील पाच रचनांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कंटेनरची घडण व तिच्या मर्यादा

आधुनिक कंटेनर वाहतुकीचा आरंभ २६ एप्रिल १९५६ पासून मानला जातो. त्या दिवशी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकव्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पुढे पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झाली. वीस फुटी कंटेनर सुमारे ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद व २.५९ मीटर उंच असतो. चाळीस फुटी कंटेनरची लांबी १२.१९ मीटर असते. जगातील कोणत्याही बंदरात तीच क्रेन, तेच जहाज व तोच ट्रक चालावा, हा या मापांमागील हेतू होय. माणसाच्या शरीराचा किंवा कुटुंबाच्या राहणीचा विचार त्यात कोठेही नव्हता.

कंटेनरची ताकद त्याच्या चार कोनखांबांत व आठ कोपऱ्यांवरील ओतीव जोडांत असते. वर रचलेल्या पेट्यांचा भार या खांबांतून खाली उतरतो. बाजूच्या भिंती म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा. तो उभा भार फारसा पेलत नसला, तरी पेटीला तिरपी होऊ देत नाही. त्यामुळे मोठ्या खिडकीसाठी किंवा दोन पेट्या जोडून दालन करण्यासाठी भिंत कापली, की पेटीचा ताठरपणा कमी होतो आणि तेथे पोलादी चौकट वेल्डिंगने बसवावी लागते. अशी कापाकापी वाढत गेली की तयार पेटी घेण्यातील बचत जोडकामात खर्ची पडते. जी मजबुती विकत घेतली तीच आधी नष्ट करायची आणि नंतर पुन्हा विकत घ्यायची, असा हा व्यवहार होतो.

दुसरी मर्यादा रुंदीची आहे. कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. पोलाद उष्णता चटकन वाहून नेते व थंडीत त्यावर आतून पाणी सुटते. म्हणून उष्णतारोधक अस्तर अपरिहार्य ठरते. दोन्ही भिंतींना ते लावल्यावर जेमतेम सव्वादोन मीटर रुंदी उरते. एवढ्या जागेत खाट आडवी टाकली तर पायथ्याशी माणसाला जायला वाट राहत नाही. अस्तर बाहेरून लावल्यास आतील जागा वाचते, परंतु कंटेनरचे रूप झाकले जाते आणि ज्या रूपासाठी अनेकदा तो निवडला जातो तेच नाहीसे होते. याशिवाय जुन्या कंटेनरच्या प्लायवूडच्या तळाला कीटकनाशके दिलेली असतात व त्याच्या रंगातही घातक रसायने असू शकतात. निवासासाठी तळ बदलणे आणि रंग खरवडणे ही कामे त्यामुळे टाळता येत नाहीत.

‘पुनर्वापर’ या शब्दाची व्याप्ती

कंटेनर वास्तुकलेत ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द तीन भिन्न परिस्थितींसाठी वापरला जातो. पहिल्या प्रकारात अनेक वर्षे सागरी सेवा करून निवृत्त झालेली पेटी येते. दुसऱ्या प्रकारात कारखान्यातून निघून मालाची एकच फेरी केलेली, जवळपास नवी पेटी येते. पोचे व गंज नसल्यामुळे बांधकाम व्यावसायिक बहुधा हिलाच पसंती देतात. तिसऱ्या प्रकारात कंटेनरच्या मापाने घर म्हणूनच घडवलेली पेटी येते. पुनर्वापराचे श्रेय खऱ्या अर्थाने पहिल्या प्रकाराला देता येते, तर दुसऱ्यात ते नाममात्र उरते. तिसऱ्या प्रकाराला पूर्वनिर्मित गृहरचना हेच नाव योग्य ठरते.

निवृत्त पेटीबाबतही एक प्रश्न उरतो. चाळीस फुटी रिकाम्या कंटेनरचे वजन पावणेचार टनांच्या आसपास असते. ही ताकद मालाने भरलेल्या पेट्यांची उंच चळत समुद्राच्या हेलकाव्यांत टिकावी यासाठी असते. एकमजली घराला तेवढ्या पोलादाची गरज नसते. पोलाद वितळवून पुन्हा वापरता येत असल्यामुळे, घर न झालेला कंटेनर वाया गेला असेही म्हणता येत नाही.

रिकाम्या पेट्यांची विपुलता हीदेखील कायमची स्थिती नव्हे. आयात अधिक व निर्यात कमी असलेल्या देशांत पेट्या साचतात, कारण त्या रिकाम्या परत पाठवणे खर्चाचे असते. व्यापाराचा ओघ बदलला की चित्रही बदलते. करोना महामारीच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, भारतीय निर्यातदारांना कंटेनरचा तुटवडा सोसावा लागला. एका बंदरात ओझे ठरलेली पेटी दुसऱ्या बंदरात दुर्मीळ असू शकते.

पाच रचनांचे तौलनिक परीक्षण

लंडनच्या ट्रिनिटी बॉय व्हार्फ या जुन्या गोदीत २००१ साली ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. अर्बन स्पेस मॅनेजमेंट या संस्थेसाठी निकोलस लेसी यांनी तिची रचना केली. कलावंतांच्या व लहान व्यावसायिकांच्या कार्यशाळांसाठी असलेल्या या इमारतीतील पेट्या अवघ्या चार दिवसांत जागेवर बसवण्यात आल्या आणि पुढे तिच्यावर आणखी एक मजला चढवण्यात आला. पेटीवर पेटी ठेवून वाढत जाणे हा कंटेनरचा स्वभावधर्म येथे जपला गेला. शिवाय गोदीतील वस्तू गोदीतच राहिल्यामुळे स्थळ व साहित्य यांचा मेळही बसला.

आम्स्टरडॅममधील ‘कीटवोनेन’ ही विद्यार्थ्यांची वसाहत २००५-०६ मध्ये उभारली गेली. तिच्यात एक हजार घरे होती. प्रत्येक घराला स्वतंत्र स्वयंपाकाची सोय, न्हाणीघर व सज्जा होता. मोठ्या खिडक्या पेटीच्या आखूड बाजूंना असल्यामुळे लांब भिंती अखंड राहिल्या. रचनेच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष आहे. मात्र ही घरे चीनमधील कारखान्यात अंतर्गत सोयींसह तयार करून जहाजाने आणली गेली. तेव्हा या वसाहतीच्या यशाचे श्रेय पुनर्वापरापेक्षा पूर्वनिर्मितीला द्यावे लागते. आरंभी पाच वर्षांसाठी योजलेली ही वसाहत प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ वापरात राहिली, हेही लक्षणीय आहे.

जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी कंटेनरकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. न्यूयॉर्कच्या एका धक्क्यावर २००५ साली त्यांनी ग्रेगरी कोल्बर्ट यांच्या छायाचित्रांसाठी ‘नोमॅडिक म्युझियम’ हे फिरते संग्रहालय उभारले. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक रचलेले १४८ कंटेनर त्याच्या भिंती झाले. कंटेनर सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे बहुतेक पेट्या ज्या त्या शहरी भाड्याने घेऊन काम संपताच परत करता येतील, अशी योजना होती. पेटी न कापता, तिचे मूळ काम न संपवता केवळ काही काळ उसनी घेणे, हा पुनर्वापराचा अधिक शुद्ध अर्थ होय.

हीच एकाआड एक मांडणी बान यांनी २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर ओनागावा येथे वापरली. या गावात तात्पुरत्या घरांसाठी पुरेशी सपाट जमीन उरली नव्हती. म्हणून बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी कंटेनर दोन व तीन मजले रचण्यात आले. पेटीत न्हाणीघर व मुलांच्या खोल्या घेण्यात आल्या, तर दोन पेट्यांमधील मोकळ्या जागेला काचेने बंद करून बैठकीची खोली करण्यात आली. कुटुंब एकत्र बसते ती जागा अशा रीतीने पेटीबाहेर ठेवून रुंदीच्या मर्यादेवर मात करण्यात आली. येथील प्रत्येक निर्णयामागे गरज आहे. जमीन कमी म्हणून मजले, वेळ कमी म्हणून तयार पेटी आणि जागा अपुरी म्हणून मोकळी फट. पाच रचनांत ओनागावाचे स्थान म्हणूनच सर्वांत वरचे ठरते.

दोहा येथील ‘स्टेडियम ९७४’ ही या परंपरेतील सर्वांत भव्य रचना. फेनविक इरिबारेन आर्किटेक्ट्स यांनी आखलेल्या व २०२१ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानात ९७४ कंटेनर आहेत. कतारचा आंतरराष्ट्रीय दूरध्वनी संकेतांकही हाच. ४४ हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या या वास्तूचा मुख्य भार पोलादी सांगाडा पेलतो. पेट्यांत प्रसाधनगृहे व इतर सोयी आहेत. २०२२ च्या विश्वचषकातील सात सामने येथे झाले. स्पर्धेनंतर ते पूर्णपणे सुटे करता येईल, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. परंतु डिसेंबर २०२४ मध्येही तेथे आंतरराष्ट्रीय सामने खेळवण्यात आले. वास्तू वापरात राहणे हा दोष नव्हे. तथापि सुटे करण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष सुटे करणे यांतील अंतर त्यातून दिसते. पर्यावरणीय श्रेय मात्र पहिल्याच टप्प्यावर पदरात पडलेले असते.

सामाजिक बाजू

कंटेनर कोणासाठी, या प्रश्नाला बगल देता येत नाही. सधन ग्राहकाच्या बाबतीत तो अभिरुचीचा भाग असतो. अनेक पेट्या जोडून, भिंती काढून तो हवी तेवढी जागा मिळवतो. निवडीचे स्वातंत्र्य नसलेल्या माणसाला मात्र पेटी आहे तशीच मिळते. इंग्लंडच्या बालआयुक्तांनी ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ब्लीक हाउसेस’ या अहवालात कंटेनरच्या घरांत ठेवलेल्या बेघर कुटुंबांतील मुलांचा प्रश्न मांडला गेला. उन्हाळ्यात असह्य उकाडा, हिवाळ्यात गारठा आणि मुलांना हालचालीस अपुरी जागा, अशी तेथील स्थिती होती. पोलादाची उष्णतावाहकता व सव्वादोन मीटरची रुंदी हे विषय केवळ तांत्रिक नाहीत, हे त्यावरून ध्यानी येते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागेल. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावा शेवा हे देशातील प्रमुख कंटेनर बंदर येथेच आहे आणि बांधकामांच्या जागी कार्यालयासाठी व मजुरांच्या निवासासाठी पत्र्याच्या पेट्या उभ्या केलेल्या सर्रास दिसतात. सागरी सेवेसाठी निवडलेले पोलाद गंजाला बऱ्यापैकी दाद देत नसले, तरी रंग उडाल्यावर खाऱ्या व दमट हवेत ते टिकाव धरत नाही. कोकणाच्या हवामानात पेटीवर स्वतंत्र उतरते छप्पर, दोहोंमध्ये वारा खेळण्याइतकी पोकळी आणि समोरासमोर खिडक्या ही किमान अट मानावी लागेल. ही अट डावलून मजुरांना पेटीत ठेवणे याला पर्यावरणपूरक वास्तुकला म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. रचता येणे, हलवता येणे व सुटे होणे हे कंटेनरचे खरे गुण होत. कायमस्वरूपी घरासाठी पेटी कापत गेल्यास हे गुण नष्ट होतात व मर्यादा तेवढ्या शिल्लक राहतात.

२. पुनर्वापराचा दावा स्वीकारण्यापूर्वी पेटी निवृत्त, एका फेरीची की नव्याने घडवलेली, हे स्पष्ट झाले पाहिजे.

३. सुटे होण्याचे आश्वासन प्रत्यक्षात उतरेपर्यंत त्याला सिद्धी मानू नये.

४. तातडीच्या व अल्पकालीन गरजेसाठी कंटेनर उपयुक्त आहे. परंतु तेथेही अस्तर, वायुवीजन व पेटीबाहेरील मोकळी जागा यांची तरतूद आवश्यक ठरते.

ओनागावाच्या रचनेत पेट्यांइतकेच महत्त्व त्यांच्यामधील रिकाम्या जागेला आहे. साहित्याची मर्यादा ओळखून माणसाला जागा करून देणे हे वास्तुकलेचे मूळ कार्य होय. पोलादी पेटीपासून घर घडवताना हे कार्य किती साधले, यावरूनच या वास्तुकलेचे अंतिम मूल्यमापन व्हावे.