जनमत कौलाच्या लेखनातून गाळलेला मुंडकार

गोव्याच्या जनमत कौलावरचे बहुतेक लेखन अस्मितेच्या विजयाची कथा सांगते. १६ जानेवारी १९६७ ला ‘दोन पानां’ना, म्हणजे वेगळ्या केंद्रशासित प्रदेशाला, १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७०. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ सदर, कोकणी गाणी, सभा यांचे वर्णन भरभरून येते. फुलावर शिक्का मारणारी माणसे मात्र ‘मराठीच्या मोहात पडलेली’ म्हणून निकालात निघतात. हे वाचन मला उच्चवर्णीय वाटते.

भाटकाराच्या जमिनीत खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराला महाराष्ट्र हवा होता तो काही ज्ञानेश्वरीसाठी नव्हे. तिकडे कुळकायदा रुजला होता. इकडे भाटकाराच्या मर्जीवर छप्पर होते. मराठी शाळा ही त्याच्या लेकराची पहिली शाळा. (माझ्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच; भाषा आईची की पोटाची, हा वाद भरल्या पोटी सुचतो.)

विलीनीकरणवाद्यांचे लेखनही धड नाही. त्यांची मराठी देवळाची, संतांची. देवळाबाहेर उभ्या महाराला तीत जागा नाही. ख्रिस्ती मुंडकारही भाटकाराखालीच दबलेला होता, पण त्याच्याशी कोणी त्या भाषेत बोललेच नाही. भाषेच्या नावाने राज्य झाले की सत्ता कोणत्या जातीच्या हाती जाते, हा डॉ. आंबेडकरांचा १९५५ चा प्रश्न. म्हणूनच त्यांनी मराठी मुलखाचेही चार भाग सुचवले होते. दोन्ही छावण्यांच्या लेखनात मला तो प्रश्न सापडत नाही.

दयानंद बांदोडकर कौलात हरले आणि त्याच वर्षी निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. याला कोणी संधिसाधूपणा म्हणो. देवदासीप्रथेचा कलंक ज्यांच्या माथी मारला गेला त्या गोमंतक मराठा समाजातून आलेल्या या माणसाने दिल्ली आणि मुंबईच्या मध्ये सापडलेल्या चिमुकल्या प्रदेशात, हाती आली ती विधानसभा वापरली. (ते खाणमालक होते, हेही विसरू नये.) कुळकायदा १९६४ चाच; त्यांच्या मृत्यूनंतर, शशिकला काकोडकरांच्या काळात, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती आली. मुंबईकडून मागितलेले थोडेफार पणजीतच मिळाले.

१९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, घटक राज्यही झाले. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातींत घ्यायला २००३ उजाडले, आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीतही त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती.