गप्प बसा, नाटक चालू आहे

बालनाट्य पाहताना आमचे निम्मे लक्ष रंगमंचाकडे आणि निम्मे खुर्च्यांकडे असते. रत्नाकर मतकरी यांचे ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटक २०१८ साली नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आले. त्याचा प्रयोग आम्ही चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात पाहिला, तेव्हाही तसेच झाले. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण या वेळी वैभव मांगले यांनी उभी केली होती. चेटकीण रंगमंचावर आली की लहानगी आईच्या पदरात शिरत आणि दुसऱ्याच क्षणी पदराबाहेर तोंड काढून तिच्याशी हुज्जत घालत. भ्यायचे आणि त्याच भीतीला हसायचे, हा अनुभव घरात एकट्याने दूरचित्रवाणीपुढे बसून मिळत नाही. मतकरींच्या लेखणीचे हे यश निर्विवाद आहे.

तथापि एक गोष्ट मनात राहिली. मुले ओरडली, पण त्यांच्या ओरडण्याने नाटकात काही बदलले नाही. ती गप्प बसली असती तरी चेटकिणीची फजिती ठरलेल्या वेळी झालीच असती. ज्याला हल्ली ‘सहभागाचे नाटक’ म्हणतात, त्यात पुष्कळदा मुलाचा आवाज मागितला जातो. त्याचे मत मात्र कोणी मागत नाही.

हा दोष मतकरींच्या पदरी बांधणे अन्यायाचे होईल. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ काढून मतकरींचेच ‘मधुमंजिरी’ सादर केले, तेव्हा मुलांसाठी खास लिहिलेले आणि जाणत्या कलावंतांनी तोलामोलाने केलेले नाटक ही गोष्टच नवी होती. पुढे मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. उतारवयात तर ते आणखी पुढे गेले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी २०१४ पासून ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला आणि वस्त्यांतील मुले स्वतःच्या जगण्यातून स्वतःची नाटके रचू लागली. राजकन्या आणि राक्षस लिहिणाऱ्या लेखकाने अखेरीस लेखणी मुलांच्या हाती द्यावी, हे आम्हांस त्यांच्या सर्व नाटकांइतकेच मोलाचे वाटते.

पुण्यात दुसरी वाट निघाली ती १९८६ साली, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची ही वाट. इथे चेटकीण नाही की राजा नाही. मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात, आणि कथानक घरातल्या, जिन्यातल्या, शाळेतल्या भांडणांचे असते. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ आणि ‘पण आम्हाला खेळायचंय’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. इथे प्रेक्षागृहातून कोणाला ओरडावे लागत नाही. पण घरी परतताना मूल बापाला जो प्रश्न विचारते, तो खरा सहभाग. आमची तक्रार एवढीच, की ग्रिप्सचे घर बहुधा पुण्यातल्या मध्यमवर्गाचे वाटते. चिखलीच्या चाळीत किंवा चाकणच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला ते ओळखीचे वाटेलच असे नाही.

आणि आमच्या पट्ट्यातले बहुसंख्य घर तेच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २००९ नंतर चाकणला मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांतून आलेली आमची ख्रिस्ती कुटुंबे या प्रत्येक लाटेबरोबर इथे स्थिरावली. नाट्यगृहेही झाली. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये याच शहराने भरवले. पण ज्या घरात बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, त्या घरातले मूल पहिला धडा शिकते तो ‘शूऽऽ’ हाच. तेच मूल नाताळच्या नाटकात येते आणि तिथेही त्याला तेच ऐकावे लागते.

एका धर्मग्रामातील नाताळच्या तालमीला आम्ही बसलो होतो. पाठ केलेली वाक्ये मुले माना खाली घालून म्हणत होती. देवदूतांचे लक्ष पंखांच्या लवचिक पट्ट्यांकडे होते. मधली सुट्टी झाली आणि त्याच मुलांनी चर्चच्या आवारात मेंढपाळाची काठी आडवी धरून कंपनीचे गेट उभे केले. एक जण पहारेकरी झाला. रांग लागली. प्रत्येक जण तळहात दाखवून आत जाऊ लागला. एका मुलीला त्याने अडवले. “कार्ड लागत नाही. तुमचा ब्रेक झाला. कॉन्ट्रॅक्टरला भेटा.” ती बाजूला झाली, कानाला हात लावून फोन केल्यासारखे करून म्हणाली, “हो, पोचले कामावर. आज उशीर होईल.” कोणी हसले नाही. तेवढ्यात टाळी वाजली आणि हाक आली, “खेळ पुरे, नाटकाला चला!”

त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच म्हटले असते. पण त्या दिवशी नाटक आवारात झाले होते. व्यासपीठावर नुसते पाठांतर होते.

ब्रायन वे या इंग्रज रंगकर्मीने १९५३ साली लंडनमध्ये ‘थिएटर सेंटर’ काढले. मुलांना सभोवती बसवावे, त्यांची संख्या मुद्दाम कमी ठेवावी आणि नाटक त्यांच्या हाती यावे, असा त्याचा आग्रह असे. डोरोथी हीथकोट या विदुषीची रीत आणखी निराळी. शिक्षिकेने बाहेरून सूचना देण्याऐवजी स्वतःच एखादी भूमिका घेऊन मुलांच्या खेळात शिरावे, असे ती करून दाखवी. त्या गेटपाशी ताई टाळी न वाजवता गेल्या असत्या आणि द्राक्षमळ्याचा मालक होऊन त्यांनी विचारले असते, “सबंध दिवस इथे रिकामे का उभे राहिलात?” तर? मत्तयकृत शुभवर्तमानातील तो दाखला रोजंदारीच्या नाक्यावरचाच आहे. संध्याकाळी आलेल्याला सकाळी आलेल्याइतकीच मजुरी मिळते, तेव्हा कुरकुर कोण करील? त्या आवारात कायम कामगारांची मुले होती आणि कंत्राटी कामगारांचीही. आपापल्या घरातली पगाराची बोलणी त्यांनी ऐकलेली असतात. काय खरे, काय रास्त, याचे उत्तर त्यांना स्वतःच शोधावे लागले असते.

पवित्र शास्त्राचा असा खेळ केला तर मुले भलत्याच शेवटाला पोहोचतील, ही भीती काही वाचक व्यक्त करतील. ती अगदीच निराधार नव्हे. परंतु त्या दाखल्यात मालक आपला युक्तिवाद कुरकुरणाऱ्याला प्रश्न विचारूनच संपवतो, आणि त्या कामकऱ्याने काय उत्तर दिले ते शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. ती जागा मुलांनी भरली तर बिघडते कोठे?

शिवाय आपल्या परंपरेत हे परके नाही. संत जॉन बॉस्को लहानपणी गावात दोरीवर चालून दाखवत. पाहणाऱ्यांना मोल म्हणून जपमाळ म्हणावी लागे आणि चर्चमधले प्रवचन पुन्हा ऐकावे लागे. पुढे १८४१ पासून तुरीन शहरात त्यांनी ज्या मुलांना जमवले, ती खेड्यांतून गवंडीकामाला आलेली, आईबापांविना राहणारी होती. चाकणच्या नाक्यावर अशी मुले आजही भेटतात. बॉस्कोंच्या ओरेटरीत चर्च आणि शाळा यांइतकीच खेळाच्या पटांगणाची गरज मानली होती. दशमान वजनमापे नवी आली तेव्हा १८४९ साली ती शिकवायला त्यांनी संवाद रचले आणि मुलांकडून करवून घेतले. ते बोधवादी होते, हे उघड आहे (संतांनाही तेवढी सूट नको का?), पण तो बोध त्या मुलांच्या बाजारातल्या रोजच्या तागडीचा होता.

आमच्याकडे अडचण वेळेची सांगितली जाते, आणि ती खरी आहे. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळांची रविवारी. आईबाप आणि मुले एकत्र मोकळी सापडतात ती गुरुवारी सायंकाळीच. त्या वेळी नाट्यगृह नको, ध्वनिवर्धक नको, पंखही नकोत. चर्चचे आवार, वीस-पंचवीस मुले आणि त्यांचे आईबाप, आणि आडवी धरायला एक काठी. गेटच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे पहिल्या गुरुवारी बापांना मुलांनी सांगावे.