गोंदणाचे कर्तेपण

कान टोचण्याशी निगडित अशा दोन म्हणी मराठीत सर्वपरिचित आहेत. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण टोचण्याच्या क्रियेला अधिकाराची अट घालते. ‘एकदा कानफाट्या नाव पडले की पडले’ ही म्हण त्याच अवयवावर वेगळ्या हाताने केलेल्या छेदाला कायमच्या दुष्कीर्तीचे चिन्ह ठरवते. कानफाटे म्हणजे दीक्षेच्या वेळी कानाची पाळी चिरून तीत मुद्रा धारण करणारे नाथपंथी योगी. ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या अखेरीस स्वतःची जी गुरुपरंपरा सांगतात, तीही मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी नाथांचीच आहे. ज्या पंथाच्या विचारधनावर मराठी वाङ्मयाचा पाया उभा आहे, त्याच पंथाच्या देहचिन्हाला या भाषेने हिणकस अर्थ दिला आणि बारशाच्या सुमारास सोनाराकडून होणारा कर्णवेध मात्र संस्कारांच्या मालिकेत बसवला. तेव्हा चिन्हाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी चिन्हाच्या रूपावर ठरत नाही. ते कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या अधिकाराने उमटवले यावर ती ठरते, असे प्रथमदर्शनी तरी म्हणावे लागते.

टॅटू आणि पिअर्सिंग यांविषयीच्या अलीकडच्या चर्चेत मात्र या अधिकाराच्या प्रश्नाऐवजी ‘आत्माविष्कार’ ही संज्ञा केंद्रस्थानी आली आहे. मराठी समीक्षेला ही संज्ञा अपरिचित नाही. रोमँटिक काव्यविचारातून आलेल्या या संकल्पनेने कवितेच्या मूल्यमापनात दीर्घकाळ ठाण मांडले होते. साहित्यविचाराने तिच्याकडे संशयाने पाहण्यास प्रारंभ केल्यानंतर ती कातडीवर येऊन स्थिरावली, हा योगायोग गमतीचा आहे. या चर्चेत एक द्वंद्व गृहीत धरलेले असते. गोंदण हे समूहाचे, रूढीचे, म्हणून आत्मशून्य. टॅटू हा व्यक्तीचा, निवडीचा, म्हणून आत्माविष्कार. हे द्वंद्व इतके सोयीचे आहे की त्याची वंशावळ तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

ती वंशावळ युरोपीय आहे. ‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियन ‘तताउ’वरून आला आणि १७६९ मध्ये ताहितीला पोहोचलेल्या कुकच्या सफरीमुळे तो इंग्रजीत रूढ झाला. त्याआधी ग्रीकांकडे ‘स्टिग्मा’ हा शब्द होता. टोचून केलेली खूण हा त्याचा मूळ अर्थ, आणि गुलाम व गुन्हेगार हे त्या खुणेचे धनी. एकोणिसाव्या शतकात लोम्ब्रोझोने ‘गुन्हेगार मानव’ (१८७६) या ग्रंथात गोंदवून घेण्याची हौस हे जन्मजात गुन्हेगारीचे लक्षण मानले. वास्तुकार अडोल्फ लोस याने ‘अलंकरण आणि गुन्हा’ या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या विवेचनात या मताला सांस्कृतिक सिद्धांताचे रूप दिले. त्याच्या मते पापुआतील माणूस अंग गोंदवतो तेव्हा तो गुन्हेगार ठरत नाही. आधुनिक माणूस तेच करतो तेव्हा तो गुन्हेगार तरी असतो किंवा अधःपतित तरी. लोसचे हे विधान आज हास्यास्पद वाटते. परंतु त्याची रचना नीट पाहावयास हवी. पापुआच्या माणसाला तो निर्दोष ठरवतो ते त्याच्या ठायी जबाबदार असा ‘स्व’च नाही या गृहीतकावर. आजचा टॅटूप्रशंसक लोसचे मूल्य उलटवतो, गुन्ह्याच्या जागी स्वातंत्र्य ठेवतो; पण गृहीतक तसेच राहू देतो. आधुनिक माणसाला ‘स्व’ आहे, गोंदणाऱ्या समाजातील माणसाला नाही. दूषण आणि प्रशंसा या एकाच पायावर उभ्या आहेत.

महाराष्ट्रातील गोंदणाकडे या दृष्टीने पाहिल्यास हे गृहीतक किती ठिसूळ आहे ते दिसते. काजळी, सुया आणि वनस्पतींचा रस एवढ्या साधनांवर चालणारी ही विद्या बहुतांशी फिरत्या समाजांतील स्त्रियांच्या हाती होती. गोंदणारीण दारात येई किंवा जत्रेत बसे. मोबदला धान्याच्या रूपानेही घेई. तुळस, विंचू, मासोळी, स्वस्तिक, कपाळावरील ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवरील तीळ, दंडावरील देवाचे नाव या खुणांचा साठा मर्यादित होता हे खरे. पण मर्यादित साठ्यातून निवड होतच नाही असे मानावयाचे, तर अभंगाच्या ठरलेल्या छंदातही कवीला काही करता आले नाही असे म्हणावे लागेल. कोणती खूण, कोणत्या जागी, लुगड्याच्या आत की बाहेर, माहेरी घेतलेली की सासरी, सखीच्या जोडीने की एकटीने, या प्रत्येक ठिकाणी निर्णय आहे. पोटरीवरचा विंचू आणि कपाळावरचा ठिपका एकाच वाचकासाठी नसतात. पुढे जत्रांतून विजेवर चालणारे यंत्र आणि नमुन्यांचा फलक आला, तेव्हा या साठ्यात सिनेमाचीही भर पडली. परंपरेच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्यांना तो ऱ्हास वाटला, गोंदवून घेणारीला तो वाटल्याचे दिसत नाही.

या सर्व खुणांत नवऱ्याच्या नावाचे गोंदण समीक्षेच्या दृष्टीने सर्वाधिक अर्थगर्भ आहे. पतीचे नाव उच्चारण्यास स्त्रीला मनाई होती. त्या मनाईतून उखाणा जन्मला आणि नाव घेण्याला छंदाचे, विनोदाचे, प्रसंगाचे कुंपण मिळाले. मात्र जे नाव जिभेवर येऊ शकत नव्हते ते हातावर अष्टौप्रहर उघडे राहू शकत होते. त्यातही ते वागवणारी स्त्री बहुधा निरक्षर असे. म्हणजे तिच्या देहावरील एकमेव लिखित शब्द तिला वाचता येत नसे आणि ज्यांना तो वाचता येई त्यांच्यासमोर तो तिला उच्चारता येत नसे. कर्ता, संहिता आणि वाचक यांच्या नात्याविषयी गेल्या काही दशकांत जे सिद्धांतन झाले, त्याला याहून कसदार उदाहरण शोधून सापडणार नाही. या हाताकडे केवळ पुरुषसत्तेचा शिक्का म्हणून पाहणे शक्य आहे, आणि ते चुकीचेही नाही. तथापि ती अक्षरे तिला वाचता येत नसली तरी ओळखता येत होती, कोणत्या जत्रेत आणि कोणासोबत ती घेतली हे तिला सांगता येत होते; अक्षरज्ञानाच्या अभावी तिच्या बाजूने आशयाचाही अभाव होता, असे म्हणण्याचा अधिकार साक्षर वाचकाला कोठून मिळतो?

वैधव्याच्या प्रसंगी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, मंगळसूत्र व नथ उतरत. सौभाग्याची चिन्हव्यवस्था अशी एका दिवसात निखळत असता नाकाचे छिद्र आणि कपाळ-हातांवरचे गोंदण मात्र जागच्या जागी राही. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही लोकसमजूत मृत्यूच्या संदर्भात सांगितली जाते. वस्तुतः तिची पहिली प्रचीती मृत्यूपूर्वीच, वैधव्यात येत असली पाहिजे. जे काढून घेता येत नाही ते एका अर्थाने मालकीचे होते. आधुनिक मराठी कवितेत गोंदण मुख्यत्वे स्मृतीची प्रतिमा म्हणून आले. शान्ता शेळके यांनी तर ‘गोंदण’ हे संग्रहाचेच नाव केले. मध्यमवर्गीय शिक्षित स्त्रीच्या त्वचेवरून प्रत्यक्ष गोंदण खेडवळ म्हणून हद्दपार होत असण्याच्या काळातच ते कवितेत असे अंतर्मुख व्हावे, ही घटना आपल्या अभिरुचीच्या इतिहासात नोंदली जावयास हवी होती.

या विस्मरणाला समीक्षेतही एक समांतर आहे. जात्यावरच्या ओवीला दीर्घकाळ ‘समूहाची निर्मिती’ म्हटले गेले आणि त्या संज्ञेआड एकेक बाई हरवली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावांसह. ‘अनाम’ असणे हा ओवीचा गुणधर्म नसून संकलकाची सवय होती, हे त्याने दाखवून दिले. गोंदणाच्या वाट्याला असे संकलन आले नाही. वसाहतकालीन जाती-जमातींच्या ग्रंथांपासून पुढे बहुतेकांनी नमुन्यांची रेखाटने केली. हात कोणाचा, सुई कोणाची, हे त्या रेखाटनांत नाही.

याचा अर्थ गोंदण म्हणजे स्त्रीचे मुक्त लेखन असा करावयाचा नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचा हात मोठ्यांनी धरून ठेवावा आणि वेदना विसरावी म्हणून गाणे म्हणावे, या दृश्यात संमतीला फारशी जागा नाही. उत्तरेकडील काही भागांत गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणीही चालत नसे. तान्ह्या मुलाचा कान टोचताना त्याला कोणी विचारत नाही हेही खरेच. पण मग आजच्या महाविद्यालयीन तरुणाच्या निवडीलाही हीच कसोटी लावावी लागते. दुकानातील वहीतून निवडलेला नमुना, नटाच्या किंवा खेळाडूच्या दंडावरून उचललेली अक्षरे, समवयस्कांच्या नजरेचा धाक, हे सारे जत्रेतील फलकाहून वेगळ्या जातीचे नाही. भिकबाळी घातलेला तरुण इतिहासाभिमानी ठरतो आणि भुवईत वाळी घातलेला बिघडलेला. दोघांच्याही ‘स्व’ची किंमत समाजाने आधीच ठरवून ठेवलेली असते.

खरी विभागणी अन्यत्र आहे, आणि ती सक्तीच्या लेखनात उघडी पडते. मनुस्मृतीचा नववा अध्याय महापातक्यांच्या कपाळावर तप्त खुणा उमटवण्याची आज्ञा देतो: सुरापानासाठी गुत्त्याचे चिन्ह, चोरीसाठी कुत्र्याचा पाय. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १७९७ मध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा नियमबद्ध केली; ती १८४९ मध्ये रद्द झाली. या शिक्षेला कागदोपत्री शब्द होता ‘गोदना’, म्हणजे स्त्रियांच्या अलंकाराचाच. काफ्काच्या ‘दंडवसाहतीत’ (१९१९) या कथेतील, अपराध्याच्या देहावर त्याने मोडलेली आज्ञा लिहिणारे यंत्र साहित्यसमीक्षेत प्रतीक म्हणून पुष्कळ वापरले गेले आहे. भारतीय वाचकाला ते प्रतीक म्हणून वाचण्याची चैन परवडणारी नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसर येथे पोलिसांनी स्त्रियांच्या कपाळावर त्या खिसेकापू असल्याचे गोंदवले. संबंधित अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली गेली ती २०१६ मध्ये.

लोकप्रिय चित्रपटाने या लेखनाचा प्रश्न विद्यापीठीय सिद्धांतनापूर्वी नेमक्या शब्दांत मांडला, हे मान्य करण्यास समीक्षेने संकोचू नये. ‘दीवार’ (१९७५) मधील विजयच्या हातावर तो लहान असताना बाप चोर असल्याचे वाक्य गोंदवले जाते. पुढे पोलीस झालेला भाऊ त्याच्यापुढे कबुलीजबाबाचा कागद ठेवतो, तेव्हा सहीपूर्वी तो इतरांच्या सह्यांची मागणी करतो; त्यांत ज्याने हे वाक्य हातावर लिहिले त्याचीही सही त्याला हवी आहे. सलीम-जावेद यांच्या या प्रसंगात कर्तेपणाचा सिद्धांतच उभा आहे. लिहिणारा सहीविना निसटतो. ज्याच्या अंगावर लिहिले गेले, त्याच्याकडेच मजकुराची जबाबदारी मागितली जाते. कैद्याचे कपाळ, अमृतसरच्या स्त्रिया आणि नवऱ्याचे नाव वागवणारी बाई यांना जोडणारा धागा हा आहे.

असे लेखन उलट फिरवता येते याचे सर्वांत मोठे उदाहरण छत्तीसगडमधील रामनामी पंथाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अस्पृश्य म्हणून मंदिरप्रवेश नाकारल्या गेलेल्या समाजात हा पंथ उदयास आला. ज्यांना देवळात येऊ दिले नाही त्यांनी ‘राम’ हे अक्षर अंगावर, मुखावर, काहींनी तर नखशिखान्त गोंदवून घेतले. अस्पृश्याच्या कातडीवर उमटलेले ते नाव बाटले म्हणावे, तर नामाचे पावित्र्य संपते. बाटले नाही म्हणावे, तर अस्पृश्यतेचा आधार संपतो. ही युक्ती एका व्यक्तीची हौस नव्हे आणि आंधळी रूढीही नव्हे. ती सामूहिक आहे आणि तरीही पूर्ण अर्थाने आविष्कार आहे. आत्माविष्काराच्या प्रचलित व्याख्येत ती मावत नाही, कारण त्या व्याख्येला ‘आत्मा’ एकवचनीच ठाऊक आहे.

राज्ययंत्रणाही याच एकवचनाशी अडखळते. भारतीय सैन्यभरतीचे नियम कायमस्वरूपी गोंदण मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागच्या बाजूस मर्यादित करतात. जनजातींच्या उमेदवारांना मात्र त्यांच्या रूढीनुसारच्या गोंदणास मुभा देतात. ही मुभा आवश्यक आहे. ती नसती तर अनेक तरुण भरतीच्या दारातूनच परत गेले असते. परंतु तिची मांडणी लोसचीच आहे: एकाचे गोंदण रूढी म्हणून क्षम्य, दुसऱ्याचे निवड म्हणून संशयास्पद. जनजातीतील एखाद्या तरुणाने रूढीत नसलेली खूण स्वतःच्या आवडीने घेतली, तर त्याला कोणत्या रकान्यात बसवावयाचे, याचे उत्तर या विभागणीपाशी नाही.

रामनाम्यांची नवी पिढी आता सर्वांगावर नाव घेत नाही. लहानपणी छातीवर वा अन्यत्र एखादे ‘राम’ पुरेसे मानले जाते. कामाच्या शोधात शहरात जाणाऱ्याला गोंदलेला चेहरा घेऊन उभे राहणे परवडत नाही; आणि त्याच शहरात मनगटावर देवनागरी अक्षरे कोरून घेण्यासाठी पैसे मोजले जातात.