विशेषणांचा भार

अमेरिकेतील यादवी युद्धाचे (१८६१–६५) सरकारी दप्तर १८८० ते १९०१ या काळात १२८ खंडांत प्रसिद्ध झाले. लढायांच्या अहवालांच्या दाटीत अधिकाऱ्यांच्या बढतीची शिफारस करणारी पत्रे त्यात विखुरलेली आहेत. इतिहासकार ती नेमणुकांच्या तारखांसाठी चाळतो. राजवाडे-खरे यांनी उजेडात आणलेल्या पत्रांवर ज्याची नजर तयार झाली आहे, त्या मराठी वाचकाला मात्र त्यांत भाषेचा एक निराळाच व्यवहार आढळेल. येथे एकेका विशेषणावर हजारो शिपायांचे भवितव्य अवलंबून असते.

दक्षिणेचा सेनानी रॉबर्ट ली याने २ ऑक्टोबर १८६२ रोजी अध्यक्ष जेफर्सन डेव्हिसला लिहिलेले पत्र पाहावे. जॅक्सन सच्चा, प्रामाणिक व शूर आहे, सेवेच्या हितावरच त्याची दृष्टी खिळलेली असते आणि कार्यसिद्धीसाठी तो कोणतेही कष्ट उपसतो, असे ली लिहितो. पण त्याआधी, या मोहिमेत जॅक्सनविषयीचे आपले मत पुष्कळच उंचावले, असेही तो सांगतो. उंचावले, म्हणजे पूर्वी ते तितके उंच नव्हते! त्याच उन्हाळ्यात रिचमंडभोवतीच्या लढायांत जॅक्सन मंदावला होता. त्याचा उच्चारही न करता ली तो जुना हिशेब मिटवून टाकतो.

१० मे १८६३ रोजी जॅक्सन निवर्तला. दहा दिवसांनी लीने बढतीसाठी यूअलचे नाव सुचवले: प्रामाणिक, शूर शिपाई, आपले कर्तव्य नेहमी चोख बजावणारा. वाक्यात खोट काढण्याजोगे काही नाही. परंतु जॅक्सनच्या वर्णनातील झपाटलेपण येथे नाही. कर्तव्यपालन आहे, पुढाकार नाही. १ जुलै रोजी गेटिसबर्ग येथे, शक्य वाटल्यास टेकडी घ्यावी, असा सैल हुकूम लीने यूअलला दिला आणि यूअल थांबला. तो योग्य थांबला की नाही, हा वाद सेनाशास्त्राचा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला एवढेच दिसते की, लीने स्वतःचेच पत्र पुरते वाचले नव्हते.

उत्तरेच्या ग्रँटची लेखणी सपाट, जवळजवळ कारकुनी. १३ मे १८६४ च्या पत्रात तो मीड आणि शर्मन या दोघांची शिफारस करतो आणि दोघांपैकी एकालाच बढती मिळावी हे आपल्याला रुचणार नाही, असे बजावतो. शर्मनला ती ऑगस्टमध्ये मिळाली, मीडची रखडली.

या साऱ्यांत सर्वांत साधी शिफारस वॉरनची आहे. १८ जून १८६४ रोजी पीटर्सबर्गपाशी कर्नल चेंबरलेन जबर जखमी झाला. वाचण्याची आशा नव्हती. मृत्यूपूर्वी त्याला बढती मिळावी, त्याच्या कुटुंबाला तेवढेच समाधान, असे वॉरनने कळवले. येथे गुणवर्णन जवळजवळ गळून पडले आहे. ग्रँटने त्याला तत्काळ ब्रिगेडियर जनरल केले. पराक्रमाबद्दलच्या पूर्वीच्या शिफारशींनी जे साधले नव्हते, ते मरणाच्या वार्तेने साधले. चेंबरलेन १९१४ पर्यंत जगला.