सळईवरची अक्षरं

कलेतल्या पदव्युत्तर शिक्षणावर आपल्याकडे दोन ठिकाणी बोललं जातं. घरात विचारतात, 'हे करून पोट भरणार का?' आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'स्वतःची दृश्यभाषा शोधा.' घरचा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे शेवटी येते. माझं भांडण माहितीपत्रकाशी आहे. जालन्यासारख्या गावातून आलेल्या मुलीला भाषा शोधायला सांगतात, पण ज्युरीच्या दिवशी विचारतात तो विषय.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमएफए, म्हणजे बडोद्यात जिला एमव्हीए म्हणतात ती पदवी, दोन वर्षांची असते. चित्र, शिल्प, छापचित्र यांतलं एक निवडायचं. तासांचं वेळापत्रक फारसं नसतं. बसायला जागा मिळते, साधनं मिळतात, शिक्षक अधूनमधून फेरी मारतात. सत्र संपलं की काम भिंतीवर लावून परीक्षकांसमोर उभं राहायचं आणि त्यामागचा विचार सांगायचा. कामापेक्षा सांगणं जास्त जमलं तरी चालून जातं, हे पहिल्या वर्षातच सगळ्यांना कळतं.

मी छापचित्र घेतलं होतं. मराठवाड्याचे आम्ही तिघं होतो. पहिल्याच ज्युरीत तिघांनाही एकच सल्ला मिळाला: 'तुमच्याकडे केवढं मोठं मटेरियल आहे! दुष्काळ, आत्महत्या. ते आणा.' दोघांनी आणलं. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, दोर. गुण चांगले पडले. त्यातल्या एकाचं घर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर चालतं, हे कोणी विचारलं नाही. दुष्काळ खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१२-१३मध्ये जालना शहर टँकरवर जगलं, ते आम्ही भोगलंय. पण एका अख्ख्या प्रदेशाने कलेच्या दारात एकच ओळखपत्र दाखवायचं, आणि तेही दुसऱ्याने छापून दिलेलं, हे मला पटत नाही.

जालन्याकडे दुसरं काय आहे, तर एमआयडीसी. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण. आता पाळण्यात लोखंड आहे. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं. सोळाशे अंशांच्या आसपास गेलेला रस साच्यातून ओतून बिलेट निघतात, ते रोलिंग मिलमध्ये जातात, आणि राज्यभरच्या स्लॅबमध्ये पडणारी सळई बाहेर येते. टीएमटी सळईची सगळी गंमत शेवटच्या काही क्षणांत असते. लालभडक सळई रोलमधून सुटते न सुटते तोच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरचं कवच कडक होतं. आत उरलेली उष्णता मग बाहेर येते आणि त्या कवचाला थोडं नरम करते. त्यामुळे सळई बाहेरून टणक, आतून लवचीक राहते.

आता त्या सळईवर बोट फिरवा. आडव्या-तिरक्या धारा लागतील, आणि ठरावीक अंतरावर उठून आलेली अक्षरं: कंपनीचं नाव, प्रतीचा आकडा. ती रंगवलेली नसतात. शेवटच्या रोलवर ती उलटी, आरशातल्यासारखी कोरलेली असतात. तापलेलं लोखंड त्या खाचांत दाबलं जातं आणि सुलटं उमटतं. रोल फिरेल तितक्या वेळा तेच नाव.

छापचित्र शिकलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल, कारण आम्ही स्टुडिओत हेच करतो. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उलटं कोरायचं, ओला कागद त्यावर ठेवायचा, वर लोकरीचं जाड कापड, आणि दोन रोलरमधून सगळं ओढून काढायचं. शाई न लावता ओढलं तर कागदावर नुसता उठाव येतो. एचिंगचं प्रेस आणि रोलिंग मिल एकाच घराण्यातली यंत्रं आहेत. माझे मामा एमआयडीसीत लेथवर रोल टर्निंग करतात. उलटं अक्षर कुठे पातळ करायचं, खाच किती खोल गेली तर लोखंड अडकतं, हे त्यांच्याइतकं नेमकं आमच्या विभागात मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत मी त्यांना माझी छापचित्रं दाखवली. त्यांनी कागद खिडकीकडे तिरका धरला आणि म्हणाले, "दाब एका बाजूला जास्त झालाय गं." विषय काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या ज्युरीला मी बिनशाईचे उठाव लावले. परीक्षकांचा प्रश्न आला: 'यात जालना कुठे दिसतो?' 'कुठे दिसतो' हा प्रश्न गाव चित्रात असायला हवं असं धरून चालतो. गाव हातात असू शकतं, पद्धतीत असू शकतं, याला त्या प्रश्नात जागाच नसते.

कलेच्या इतिहासात मात्र आहे. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९२५ साली स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होता. लोखंडाशी त्याची ओळख तिथे झाली, चित्रकला तो त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये शिकला. पुढे ब्रुकलिनच्या 'टर्मिनल आयर्न वर्क्स' या वर्कशॉपमध्ये त्याने जागा घेतली आणि ते नाव त्याला इतकं आवडलं की गावाकडच्या स्टुडिओलाही त्याने तेच दिलं. १९६२मध्ये इटलीतल्या व्होल्ट्री इथे बंद पडलेल्या कारखान्यात त्याने ३० दिवसांत २७ शिल्पं उभी केली.

रिचर्ड सेराचं उदाहरण तर थेट आपल्या मुद्द्याचं आहे. त्याच्याकडे एमएफए होती, १९६४ची, येल विद्यापीठाची, आणि तीही चित्रकलेतली. शिक्षणाच्या खर्चासाठी त्याने स्टील मिलमध्ये काम केलं होतं. पण त्याने मिलचं चित्र कधी काढलं नाही. १९६८मध्ये त्याने वितळलेलं शिसं भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात फेकलं, ते थिजलं, तेच शिल्प. पुढे जाड पोलादी पत्रे वाकवून त्याने जे प्रचंड लंबगोल केले, त्यांतले पहिले बाल्टिमोरजवळच्या एका जहाज कारखान्यात वाकवले गेले, कारण तसं मशीन तिथे होतं. कारखान्याकडून त्याने घेतली ती क्रिया: वाकवणं, तोलणं, ओतणं. त्याच्या पदवीने त्याला यापासून तोडलं नाही, हे मला तिचं मोठं यश वाटतं.

विषय म्हणून कामगार घेणं वाईट, असा याचा अर्थ नाही. रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनमधलं 'मिल कॉल' (१९५६) बघा. भोंगा झाल्यावर गिरणीकडे धावणाऱ्या संथाळ बायका, सिमेंट आणि मुरमाच्या खड्यांत. ते खडे तिथल्याच मातीतले आहेत. विषय आणि साहित्य वेगळं काढता येत नाही. सुधीर पटवर्धनांनी कलेची पदवी घेतलीच नाही. ते डॉक्टर, ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट. त्यांच्या माणसांच्या खांद्यात, पाठीत, पोटात जे वजन दिसतं, ते रोज शरीरं वाचणाऱ्याला दिसलेलं वजन आहे. विषय त्यांनी कामगार घेतला, पण नजर स्वतःच्या धंद्यातून आणली. ज्युरीतल्या सल्ल्यात नेमकं हेच सुटतं. तुझ्या प्रदेशाचं दुःख आण म्हणतात. तुझ्या घरात कोणतं काम येतं, हे विचारत नाहीत.

पटवर्धनांचं 'लोअर परळ' (२००१) हे चित्र गिरण्या गेल्यानंतरच्या मुंबईचं आहे. त्याच भागातल्या गिरण्यांच्या आवारात पुढे ऑफिसं, मॉल आणि गॅलऱ्या आल्या. स्पेनमधलं बिल्बाओ हे पोलादाचं आणि जहाजांचं शहर. उद्योग बसल्यावर तिथे १९९७मध्ये गुगनहाइम संग्रहालय आलं, आणि २००५पासून सेराची पोलादी शिल्पं त्यात कायमची मांडली आहेत. धूर थांबला की कला येते. बंद कारखान्याचं छप्पर तिला आवडतं. जालन्याच्या भट्ट्या अजून चालू आहेत. उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेली माणसं या घडीला तिथे चिमट्याने तापलेलं लोखंड ओढत आहेत. कलाशिक्षणाला या चालू कारखान्याशी काही देणंघेणं असायचं असेल, तर ते आत्ताच.

हे परकं मागणं नाही. मुंबईचं जे. जे. १८५७ साली सुरू झालं तेव्हा त्याच्या नावात कलेबरोबर उद्योग हा शब्दही होता. आज छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. दोन वर्षांतलं एक सत्र विद्यार्थ्याने मिलमध्ये, फाउंड्रीत किंवा रोल टर्निंगच्या शेडमध्ये काढावं, सहल म्हणून नाही, हाताखाली काम करत. ज्युरीत एक खुर्ची मामांसारख्या माणसाला द्यावी. आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव प्रदर्शनातल्या पाटीवर लिहावं. सळईवर कंपनीचं नाव येतं, शिल्पावर कलावंताचं. उलटी अक्षरं कोरणारा दोन्हीकडे गायब असतो. निदान एका ठिकाणी तरी हे बदलणं आपल्या हातात आहे.

आता घरचा प्रश्न. पोट भरतं का? एमएफएवर थेट भरत नाही. मी शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते आणि मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेते. प्रेस विकत घेणं परवडत नाही. तरीही कोणी विचारलं तर मी 'कर' असंच सांगते. ती दोन वर्षं आणि ते यंत्र एरवी मिळत नाही, आणि मामांचं काम छापचित्र आहे हे मला त्या यंत्रापुढे उभं राहूनच कळलं. फक्त जाताना घरात, गल्लीत, शेडमध्ये कोणाच्या हाताला काय येतं ते नीट बघून जा. ज्युरीत दुष्काळ मागतील. द्यायचा की नाही, ते तेव्हा तुम्हाला ठरवता येईल.