उत्तम भागाचा प्रश्न : चित्रमालिका, क्रमवारी आणि वैनगंगेकाठचा प्रेक्षक

कालिदासाच्या शाकुंतलाविषयी परंपरेने चालत आलेला एक सुभाषितरूप अभिप्राय सर्वपरिचित आहे. काव्यप्रकारांत नाटक, नाटकांत शाकुंतल, शाकुंतलात चौथा अंक आणि त्या अंकात चार श्लोक, अशा उतरंडीने तो सर्वोत्तमाचा शोध घेतो. हा अभिप्राय आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातील निवड किती धाडसाची आहे, याकडे लक्ष जात नाही. या सात अंकी नाटकातील उघड संघर्ष पाचव्या अंकात आहे. दुष्यंत शकुंतलेस ओळखण्याचे नाकारतो तो तेथे. चौथ्या अंकातील एकमेव मोठी घटना, म्हणजे दुर्वासाचा शाप, आरंभीच्या विष्कंभकात आणि तीही पडद्याआड उरकते. उरलेला अंक केवळ निरोपाचा आहे. एखाद्या कृतीच्या भागांची क्रमवारी लावणाऱ्या आपल्या या सर्वांत प्रसिद्ध अभिप्रायाने, जेथे कथानक जवळजवळ थांबते तोच भाग अग्रस्थानी बसविला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी याहून फार हलका वाटेल. ज्यांना आपण सर्रास कार्टून म्हणतो त्या साहसप्रधान चित्रमालिकांच्या उत्तमोत्तम भागांच्या याद्या आज मोठ्या संख्येने केल्या जातात. काही याद्या समीक्षक एकेकट्याने करतात, तर काही हजारो प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांच्या सरासरीतून सिद्ध होतात. (एकेका भागास दशांश चिन्हापर्यंत गुण देणारी ही रसिकता विद्यापीठीय परीक्षकांनाही लाजवील.) या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या असता त्यांत मतभेद आढळतात आणि त्यांचे स्पष्टीकरण सहसा रुचिभेदाने केले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे मला वाटते. या याद्या ज्याला क्रम लावतात तो ‘भाग’ म्हणजे नेमके काय, याविषयीच त्यांचे एकमत नसते.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. 1992 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बॅटमॅनच्या चित्रमालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग बहुतेक साऱ्या याद्यांत वरच्या स्थानी असतो. पॉल डिनी यांचे लेखन, ब्रूस टिम यांचे दिग्दर्शन आणि जेमतेम बावीस मिनिटांचा अवधी. गोठविण्याचे अस्त्र बाळगणाऱ्या एका सामान्य खलनायकाला या भागाने आजारी पत्नीचा शोकाकुल पती बनविले. हा भाग समजण्यास आधीचे काही पाहिलेले असावे लागत नाही आणि नंतरचे काही पाहावे लागत नाही. तो एक कथा आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तिन्ही तत्त्वे त्याच्या सीमेच्या आत पुरी होतात. म्हणून त्याच्याविषयी मतभेदही कमी आहेत.

दुसरे उदाहरण ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या 2005 ते 2008 या काळातील 61 भागांच्या मालिकेचे. प्रेक्षकांच्या गुणांवरून केलेल्या यादीत 2008 मधील अंतिम युद्धाचे भाग शिखरावर दिसतात. समीक्षकांच्या याद्यांत मात्र 2006 मधील ‘झुको अलोन’ आणि ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’ हे भाग वर सरकतात. यांतील दुसऱ्या भागाचा सर्वांना स्मरणारा तुकडा अवघ्या काही मिनिटांचा आहे. एक वृद्ध सेनानी दिवसभर शहरात अनोळखी माणसांना लहानसहान मदत करीत हिंडतो आणि संध्याकाळी टेकडीवर जाऊन युद्धात मारल्या गेलेल्या मुलाचे स्मरण करतो. त्यात एकही प्रहार नाही. येथे आपण पुन्हा शाकुंतलाच्या चौथ्या अंकापाशी येतो.

परंतु साम्य येथेच थांबवून ‘शांत भाग श्रेष्ठ, युद्धाचे भाग लोकप्रिय’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. हा वृद्ध कोण, ज्या शहरात तो हिंडतो आहे त्याच शहराला त्याने पूर्वी कसा वेढा घातला होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो तुकडा फारतर सौम्य आणि गोड वाटेल. आधीच्या भागांनी साठविलेल्या भांडवलावर तो उभा आहे. अंतिम युद्धाचे भागही तसेच उभे आहेत. फरक इतकाच की एक भाग हे भांडवल मौनाने खर्च करतो, दुसरा वाजतगाजत. अखेरच्या भागाला दिलेला गुण पुष्कळदा साऱ्या मालिकेला दिलेला निरोपाचा गुण असतो. मालिकेतील सातत्य जितके दाट, तितका ‘हा एक भाग’ असे बोट दाखविणे अवघड आणि तितक्या याद्या एकमेकींपासून दूर जातात. बॅटमॅनच्या याद्यांत एकवाक्यता अधिक का दिसते, याचे उत्तर यात आहे.

आता या प्रश्नाची जी बाजू मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे तिकडे वळू. 1989-90 मध्ये जपानच्या निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेने रडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर 52 भागांची चित्रमालिका केली. तिचे हिंदी रूप 1993 मध्ये दूरदर्शनने रविवारी सकाळी दाखविले. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा. या मालिकेचे उत्तम भाग कोणते, असे त्या पिढीतील प्रेक्षकास विचारले तर उत्तरात भाग क्वचितच येतो. येते ते गाणे आणि येतो तो वाघाचा आवाज. 2016 मध्ये डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ चित्रपट हिंदीत आला तेव्हा तेच गाणे नव्याने करण्यात आले आणि शेरखानास पुन्हा पाटेकरांचाच आवाज देण्यात आला. स्मृतीने केलेल्या निवडीचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. जे प्रत्येक भागात पुनरावृत्त होत होते ते टिकले. जे एकेका भागाचे स्वतःचे होते ते विरले. शिवाय टिकलेल्या या दोन्ही गोष्टी मूळ जपानी मालिकेत नव्हत्या. हिंदी मालिकेची क्रमवारी आणि जपानी मालिकेची क्रमवारी यांची तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम हे मान्य करावयास हवे की तो दोन संहितांना क्रम लावतो आहे.

याला एक भौतिक कारणही आहे. 1993 चा प्रेक्षक भाग एकदाच पाहत असे. रविवारी वीज गेली तर तो भाग गेला. क्रमवारी लावण्यासाठी पुन्हा पाहता येणे, थांबविता येणे, दोन भाग एकापाठोपाठ ठेवून ताडता येणे आवश्यक असते. म्हणजे याद्यांची ही संस्कृती संग्रहाच्या सोयीतून जन्मली आहे. त्यापूर्वीच्या प्रेक्षकापाशी दुसरा शब्द होता आणि तो आपल्या नाट्यव्यवहारात आजही रूढ आहे: ‘रंगणे’. झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चाललेली दंडार पाहून परतणारा माणूस अमुक प्रवेश श्रेष्ठ होता असे म्हणत नाही, तो रंगला असे म्हणतो. श्रेष्ठत्व हा वस्तूचा गुण मानला जातो, रंगणे ही घटना असते. ती त्या रात्रीची, त्या नटांची आणि त्या गर्दीची असते. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने सौंदर्यविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिच्या संदर्भात पाहता आजच्या याद्या विचित्र ठिकाणी उभ्या दिसतात. भागाला त्याच्या प्रसंगापासून तोडून स्वयंपूर्ण वस्तू मानण्याची त्यांची रीत अलौकिकतावादी आहे; पण गुण देताना त्या मोजतात तो पुष्कळदा पहिल्या पाहण्याचा लौकिक थरार.

किपलिंगकडे वळल्यावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘जंगल बुक’ (1894) आणि ‘सेकंड जंगल बुक’ (1895) या दोन पुस्तकांत मिळून मोगलीच्या कथा आठच आहेत. आठ कथांतून 52 भाग काढायचे तर भर घालणे अपरिहार्य होते. जपानी मोगलीच्या हाती बूमरँग आला, जो सातपुड्याने कधी पाहिला नव्हता. मूळ कथेशी निष्ठा हा निकष लावणारा समीक्षक असे भाग सरळ खालच्या क्रमांकावर टाकील. तथापि हा निकष स्वतः किती भक्कम आहे? किपलिंगने ज्या सिवनीच्या टेकड्यांत आपल्या कथा घडविल्या तेथे तो कधी गेलाच नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या 1877 च्या सिवनीविषयक पुस्तकाचा त्याला मोठा आधार होता. पुस्तकावरून लिहिलेल्या अरण्यावर टोकियोत काढलेली चित्रे आणि मुंबईचा आवाज. या साखळीत ‘मूळ’ म्हणून बोट ठेवावे अशी एकच गोष्ट निश्चित आहे, आणि ती म्हणजे नदी. किपलिंगच्या कथांतील ‘वैनगंगा’ ही सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे भंडारा जिल्ह्यात येणारी आपली वैनगंगाच आहे.

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत ते वसलेले आहे. सिवनीकडून येणारी बावनथडी या भागातून वाहत पुढे वैनगंगेस मिळते. मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी या साऱ्यांचा वावर या टापूत असल्याने दूरदर्शनची हिंदी येथे परकी नव्हती. नाकाडोंगरीचा प्रेक्षक म्हणताना मला कोणी एक व्यक्ती अभिप्रेत नाही. वाचनाची एक जागा अभिप्रेत आहे. याउस ज्याला अपेक्षाक्षितिज म्हणतो ते या जागेवरून कसे दिसते?

या जागेवरून पहिली गोष्ट दिसते ती दिशेची. किपलिंगची ‘रेड डॉग’ ही कथा क्रियाप्रधानतेच्या कोणत्याही यादीत पहिली यावी अशी आहे. रानकुत्र्यांचा प्रचंड कळप येतो, मोगली त्यांना चिडवून मधमाश्यांच्या कड्यावरून खाली नदीत झेप घ्यावयास लावतो आणि वैनगंगेच्या पात्रात संहार होतो. हा कळप येतो कोठून? दख्खनेतून. सिवनीहून पाहणाऱ्याला दख्खन म्हणजे दक्षिणेचा अनोळखी मुलूख. नकाशा पुढे घेतला तर त्या मुलखाचा उंबरठा भंडाऱ्याच्याच बाजूस पडतो. लंडनच्या, टोकियोच्या किंवा पुण्याच्याही वाचकाला ही बारीक खोच जाणवण्याचे कारण नाही. नाकाडोंगरीच्या वाचकाला मात्र हा गमतीचा धक्का बसतो: कथेतील नदी त्याची आहे आणि आक्रमकही त्याच्याच अंगणातून गेलेले आहेत. नदीचे नाव आले म्हणून कृती देशी ठरत नाही, हे देशीयतेच्या उत्साही समर्थकांनी येथे ध्यानात घ्यावे.

याच जिल्ह्याच्या अरण्याविषयी मराठीत वेगळ्या प्रकृतीचे लेखन झाले आहे, ही गोष्टही या क्षितिजाचा भाग आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील अभयारण्याचे (1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले). मारुती चितमपल्लींच्या लेखनाला तर वनाधिकारी म्हणून नवेगावात काढलेल्या वर्षांचा आधार आहे. या लेखनात कोणी कोणाचा पराभव करीत नाही. पाहणे, वाट बघणे, ठसे वाचणे यांवरच ते उभे आहे. या लेखनावर पोसलेला वाचक ‘जंगल बुक’मधील भागांचा क्रम लावू लागला तर बालूच्या शिकवणीचे, ऋतू पालटण्याचे, पाण्यापाशी जमण्याचे प्रसंग वर येतील आणि शेरखानाचा अंत बराच खाली जाईल.

मात्र खरी कसोटी लागते ती ‘लेटिंग इन द जंगल’ या कथेपाशी. मेसुआ आणि तिचा पती यांना चेटूक करणारे ठरवून जाळू पाहणाऱ्या गावावर मोगली सूड उगवितो. प्रथम हरणे, रानडुकरे आणि नीलगायी उभी पिके फस्त करतात. मग हाथी आणि त्याची मुले घरे पाडतात. रचनेच्या दृष्टीने ही किपलिंगच्या सर्वांत घट्ट कथांपैकी एक आहे. मोगली एकाही माणसाला मारत नाही, तरी गाव नाहीसे होते; प्रत्यक्ष हिंसा न दाखविता विनाशाची लय हळूहळू चढत जाते. स्वायत्ततावादी समीक्षकाने तिला ‘रेड डॉग’च्याही वर ठेवावे आणि मीही आकृतिबंधाच्या निकषावर तसेच करीन. परंतु वनपरिक्षेत्राला लागून धानाची शेती करणाऱ्या गावातून ही कथा वाचली की निकषच डळमळतो. रात्री रानडुक्कर धुऱ्यावरून बांधीत उतरते, तेव्हा काय उरते हे तेथे कथेतून कळावे लागत नाही. कथेने वाचकाला अरण्याच्या बाजूने उभे केले आहे आणि गावाची बाजू मांडणारे पात्र एकही शिल्लक ठेवलेले नाही. कथेची घट्ट बांधणी ज्याच्यामुळे साधते, तेच तिने वगळलेले आहे.

किपलिंगला हे उमगले नव्हते असेही नाही. पिके गेल्यावर गावकरी पुढच्या पावसापर्यंत साठवणीच्या बियाण्यावर तग धरण्याचा बेत करतात, असे तो सांगतो. आणि लगेच पुढे हाथीचे सुळे मातीच्या घराचा कोपरा उडवून शेणाने सारवलेली कणगी फोडतात. शेतीचा अनुभव नसलेला लेखक घरे पाडून थांबला असता. कणगीपर्यंत पोचलेला हा एक तपशील कथेतील सर्वांत क्रूर आहे आणि कलात्मकदृष्ट्या सर्वांत अचूकही. मोगलीच्या साहसांची जी यादी या कथेला पहिला क्रमांक देईल तिने कणगीच्या या वाक्यासाठी तो द्यावा आणि जी तिला शेवटी टाकील तिनेही याच वाक्यासाठी टाकावे.